तिघांतला चौथा

डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलवर जायचं, हे खूळ मुळात मानसिंगचं. कराडच्या खाली कृष्णाकाठी ऊस लावणाऱ्या माणसाला जर्मनीतली नदी कुठून आठवली, असं गाव विचारायचं. तो म्हणायचा, "आमच्या पुष्कर मास्तरानं नकाशात दावली." पुष्कर सांगलीच्या शाळेत भूगोल शिकवायचा. पासाऊ ते व्हिएन्ना, सव्वातीनशे किलोमीटर, आठ दिवस. त्या नदीचे किलोमीटर समुद्राकडून उलटे मोजतात, त्यामुळे खाली जाणाऱ्याला काठावरचे आकडे उतरत जाताना दिसतात, हे मास्तरने सांगितलं तेव्हा मानसिंग जाम खूश झाला होता.

"म्हंजे गड्या, आपलं किती उरलंय ते लिवलेलंच असतंय व्हय?"

जाणार चौघं होते. मानसिंग, फौजेतून सुभेदार होऊन परतलेला त्याचा थोरला भाऊ जयराज, पुष्कर, आणि साताऱ्याची क्षमा. क्षमा फिजिओथेरपिस्ट, दर रविवारी कासचा घाट चढून यायची आणि बाप्यांना लाजवायची. पण तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत सरावाला निघालेला मानसिंग गावाजवळच्या बंधाऱ्यावरून वाहून गेला. सायकल चौथ्या दिवशी सापडली. मानसिंग सापडला नाही.

त्या दिवशी त्याच्यासोबत एकटा पुष्कर होता. पोलिसांना, जयराजला, मानसिंगच्या आईला त्याने एकच सांगितलं, "मी नको नको म्हणत होतो, त्यानं ऐकलं नाही." खरं नेमकं उलटं होतं. बंधाऱ्यावरून घोटाभर पाणी जात होतं आणि पुलाचा वळसा अकरा किलोमीटरचा. थांबला होता तो मानसिंग. पुष्करनेच त्याला डिवचलं, एवढ्याशा पाण्याला भिणारा डॅन्यूब काय बघणार म्हणून. वर म्हणाला, "तू हो पुढे, मी आलोच मागून."

मानसिंग झाला पुढे. मागून कोणी गेलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. पुष्करला तीन वर्षं खवखवत होतं, पण तोंड काही उघडत नव्हतं.

यंदा जयराजनेच विषय काढला. धाकट्याचं राहिलंय ते आपण करू, म्हणाला. पुष्कर लगेच तयार झाला. डॅन्यूबच्या पाण्यात मानसिंगच्या नावाने एक नारळ सोडला की आपण सुटलो, कुणाला काही सांगायला नको, असं त्याने मनाशी धरलं होतं. माणूस स्वतःलाच किती सहज टोपी घालतो!

पाडव्याला तिघं जयराजच्या घरी नकाशा पसरून बसले. अंजनाकाकी, म्हणजे जयराज-मानसिंगची आई, पुरणपोळी वाढता वाढता थांबल्या.

"तिघं चाललाय? तीन तिगाडा, काम बिगाडा. चौथा घ्या संगं."

चौथा म्हणजे खडा. पोरगी बघायला तिघं निघाले तरी या भागात कोणीतरी वाटेतला खडा उचलून खिशात टाकतं, की झाले चौघं. क्षमा हसली. काकी हसल्या नाहीत.

"वाटंवरला घ्या. काम झालं की जिथनं उचलला तिथं ठेवायचा. आन त्याला नाव न्हाई द्यायचं. नाव दिलं की मग त्यो खडा ऱ्हात न्हाई."

ही कामगिरी पुष्करने अंगावर घेतली. सांगलीला परतताना तो बंधाऱ्याखाली उतरला. वाटेवर खड्यांना काय तोटा होता? पण त्याला उगाच भरून आलं, आणि त्याने पाण्यातला एक काळा, गुळगुळीत खडा उचलला. उचलताना मानसिंगला मारायची ती जुनी हाक तोंडातून निघून गेली, "चल रे मान्या." याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

खडा त्याने सायकलच्या पुढच्या पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ओला. पुसून ठेवला. तिसऱ्या दिवशी पुन्हा ओला. चैत्रातली सांगली, भिंतीसुद्धा तापलेल्या, आणि पिशवीच्या तळाशी गाळाचा वास. पुष्करने पिशवी उन्हात उलटी टांगली आणि तिच्याकडे बघायचं टाळू लागला.

बुकिंगची पत्रं लिहिणं त्याच्याकडे होतं, कारण इंग्रजीचा सराव त्यालाच. पासाऊला नदीकाठी एका बाईचं पाहुणघर होतं, तिथे त्याने तिघांसाठी खोली मागितली. बाईचं उत्तर आलं, 'चार खाटा तयार ठेवते.' पुष्करने आपला अर्ज उघडून पाहिला. तीनच लिहिले होते. त्याने चूक कळवली, बाईने दिलगिरी व्यक्त केली. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नाही. सांगायचं तरी काय!

एप्रिलमध्ये सगळं सामान लादून सराव ठरला, जयराजच्या गावापासून सांगलीजवळ हरिपूरच्या संगमापर्यंत. निघताना जयराजने सायकल सरळ बंधाऱ्याकडे वळवली.

"किती दिस वळसा घालायचा? आज हितनंच."

बंधाऱ्याचा माथा कोरडा ठणठणीत होता. एका अंगाला अडवलेलं पाणी हिरवंगार, हालचाल म्हणून नाही. जयराज पुढे, मग क्षमा, शेवटी पुष्कर. मध्यावर आला आणि त्याच्या पायावर काहीतरी थेंब थेंब पडू लागलं. पुढची पिशवी गळत होती. आत खड्याशिवाय काही नव्हतं. पुष्कर घाबरला, खरोखर घाबरला; सायकल तशीच ढकलत कशीबशी पलीकडे नेली.

पलीकडच्या पायऱ्यांवर हरणाबाई धुणं धूत होत्या. गावातलीच म्हातारी. कपाळावर हात धरून त्यांनी विचारलं, "चौघं कुठं चाललायसा?"

"तिघं हाय आमी, हरणामावशी," जयराज म्हणाला.

"मग त्यो म्होरं कोण गेला? भिजून पार चिंब झालाय. हाक मार की त्येला, लांब जातोय."

जयराज हसला. म्हातारीला दिसत नाही, म्हणाला, आणि पुढे निघाला. पण त्याचं हसू लवकर मावळलेलं क्षमाने पाहिलं. पुष्कर चाकात हवा बघायचं निमित्त करून मागे राहिला. दोघं वळणाआड गेल्यावर तो बंधाऱ्यावर परत आला, खडा काढला आणि पाण्यात सोडला. खडा बुडाला, वर एक बुडबुडासुद्धा आला नाही. आणि तेवढ्यात, नको नको म्हणताना, त्याच्या जिभेवर ते जुनेच शब्द आले.

"तू हो पुढे, मी आलोच मागून."

त्यानंतर पिशवी कोरडी राहिली. व्हिसा आले, तिकिटं आली. शाळेतली पोरं मास्तर परदेशी चालले म्हणून कौतुक करू लागली. पुष्करला झोप लागू लागली. खड्याचं काय, तर सांगलीच्या रस्त्यावरचा तसाच एक काळा खडा त्याने पिशवीत टाकला होता. खड्यांत काय ओळखायचं असतं?

मेअखेर, निघायच्या आदल्या दिवशी, तिघं काकींच्या पाया पडायला आले. भर दुपार होती. काकींनी तिघांच्या हातावर दही घातलं आणि पुष्करपुढे तळहात पसरला.

"चौथा कुठाय? बघू."

पुष्करने खडा दिला. काकींनी तो मुठीत धरला, अंगठ्याने चोळला.

"मास्तर, ह्यो कोरडा हाय."

"खडा कोरडाच असणार ना, काकी."

"त्यो न्हवता. पाडव्यापास्नं आमच्या उंबऱ्यात रोज सकाळी पाणी साचायचं. मी रोज पुसायची. एप्रिलात एकाएकी थांबलं." काकी त्याच्याकडे रोखून बघत होत्या. "कुठं धाडलास त्येला?"

तेवढ्यात पुष्करचा फोन वाजला. पासाऊच्या बाईचं ईमेल होतं. त्याने वाचलं, परत वाचलं. हातावरचं दही खाली सांडलं.

"काय लिवलंय?" जयराजने विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. पाऊस आहे म्हणते, खोली बदलली म्हणते. इथे खरं-खोटं तपासणार कोण? क्षमा वाचू शकली असती, पण ती विश्वासाने पलीकडे बसून होती. तीन वर्षं सगळेच असे विश्वासाने बसून होते. पुष्करने काकींच्या मुठीकडे पाहिलं आणि एकेक ओळ मराठीत करून तो मोठ्याने वाचू लागला.

"तुमचे मित्र आज पहाटे पोचले. आधी कळवायला हवं होतं. इकडे पाऊस नाही, तरी ते नखशिखांत भिजलेले आहेत. टॉवेल दिले, पण अंग काही वाळत नाही. खोलीत यायला तयार नाहीत. नदीकाठच्या बाकावर बसून आहेत. बाकीचे तिघं कधी येणार असं विचारलं, तर मान हलवतात आणि एकच बोट दाखवतात." तो शेवटच्या ओळीवर आला. "म्हणतात, एकच येणार आहे. तो म्हणाला होता, तू हो पुढे, मी आलोच मागून."

मग पुष्करने सगळं सांगितलं. घोटाभर पाणी, अकरा किलोमीटरचा वळसा, थांबलेला मानसिंग, आपण मारलेला टोमणा. सांगताना तो लहान पोरासारखा रडला. क्षमाने तोंडावर हात ठेवला. जयराज उठून दारात गेला आणि पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

काकी मात्र रडल्या नाहीत. त्यांनी मुठीतला खडा अंगणात भिरकावला. मग वाटीतलं दही चमच्याने घेतलं आणि एकट्या पुष्करच्या हातावर पुन्हा घातलं.

"चौथा नगं आता. दोघंच हायसा तुमी." त्यांनी त्याची बोटं मिटवली. "जा मास्तर. लय येळ थांबलाय त्यो."