बिडीचा चमचा

मालकी गेराटीला कापडगिरणीने खोकला दिला आणि पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीने त्या खोकल्याबद्दल बोलणी दिली. सात वर्षं कापसाच्या धुळीत काढल्यावर आयर्लंडहून आलेल्या पोराची छाती आणखी कशी वाजणार? पण मुख्य फादर कल्हेन स्वतः आयरिश असून त्यांना त्याचा खोकला म्हणजे अपमान वाटे. वेदीवर सारखा खोकणारा फादर लोकांना नको असतो, असं ते त्याच्या तोंडावर म्हणत.

बिडी गेराटीला फादर कल्हेनचा राग होताच, पण भावाचा, मालकीचा, त्याहून जास्त होता. आज त्याची फादर होण्याची गुरुदीक्षा, आणि सोमवारी त्याला डोंगरातल्या कोळसा-खाणींच्या वस्तीवर धाडणार होते. धूर, थंडी, मैलोनमैल चाल. सहा महिने काढले तरी खूप. त्याला जपीन असा आईला शब्द देऊन तिने त्याला बोटीवर चढवलं होतं, ते काय यासाठी?

पहाटे पाचला सेमिनरीतल्या आजाऱ्यांच्या खोलीत त्याला उबळ आली. उशाशी बसलेल्या बिडीने खोकल्याच्या औषधाचा चमचा भरला. क्षणभर हात थांबला. मग तिने तो त्याच्या ओठांना लावला आणि अर्धवट झोपेतल्या मालकीने सवयीने गिळला.

तो ताडकन उठून बसला. "बिडी, किती वाजले?"

"पाच."

"अगं, मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नाही. उपास मोडला की कम्युनियनचा प्रसाद नाही, कम्युनियन नाही तर दीक्षा नाही. विसरलीस?"

"मला काय प्रोटेस्टंट समजलास? पाठ आहे सगळं."

"मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम. आता बोंबल. जिवंत माणसालाच बोंबलता येतं."

तो बोंबलला नाही. बूट घालू लागला, तशी बिडी आणखी चिडली. "कुठे निघालास? कुणी पाहिलंय? गप बसायचं असेल तर बस गप, मी तोंड उघडणार नाही."

"मी पाहिलंय ना," तो म्हणाला.

फादर कल्हेन दाढी करत होते. मालकी दारातच उभा राहिला, त्याच्या मागे बिडी. "फादर, औषध पोटात गेलंय. पाच वाजता." कुणी दिलं, ते त्याने सांगितलं नाही.

फादरनी वस्तरा पुसला. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "मी बिशपसाहेबांना बजावलंच होतं. पाच तास ज्याला जिभेवर ताबा ठेवता येत नाही, तो जन्मभर काय ठेवणार? ट्रंक भर, गेराटी. देवानेच निकाल लावला."

बिडीला हेच हवं होतं. भाऊ घरी येणार, शेगडीपाशी बसणार, खोकला तरी तिच्या डोळ्यांसमोर खोकणार. एवढं गप्प राहिली असती तर झालं होतं. पण त्या माणसाच्या तोंडावरचं ते समाधान पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"देवाने नाही, मी लावला," ती म्हणाली. "झोपेत पाजलं त्याला, जाणूनबुजून. त्याला घरी न्यायचं होतं मला. आणि तो कुणाला न सांगता दीक्षा घेऊ शकला असता, मीही गप्प बसणार होते. तरी आला तुमच्या दारात. आत आज दीक्षा घेणारी चौदा धडधाकट पोरं नटून बसलीत ना, फादर? त्यांतला एक तरी एका चमच्यासाठी सगळं घालवायला आला असता? तुम्ही आला असता?"

अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून फादर कल्हेन बिशपसाहेबांच्या खोलीकडे गेले. भावंडं बोळात उभी राहिली, एकमेकांकडे न बघता.

परत आले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. "उद्या, रविवारी सकाळी सहाला. छोट्या चॅपेलमध्ये, तुझी एकट्याची दीक्षा. बिशपसाहेब त्यासाठी एक दिवस मुक्काम वाढवताहेत. तुझ्यासारखाच माणूस खाणीवर हवा, म्हणाले."

फादर गेल्यावर मालकी भिंतीला टेकला. हसता हसता त्याला ठसका लागला. "बिडी, तुझे उपकार—"

"खबरदार," ती म्हणाली. "घरी येत होतास तू. दारापर्यंत आणलं होतं मी तुला."