श्वासनाथांची तिसरी धुनी

"तिन्ही लोकांचे श्वास या मुठीत आहेत!" श्वासनाथ महाराज गरजले आणि त्यांनी मूठ आभाळाकडे उंचावली. तेवढ्यात चहाची बशी आली. महाराजांनी मूठ उघडून ती घेतली. चहा संपेपर्यंत तिन्ही लोकांचे श्वास आपापल्या जबाबदारीवर चालले.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. पौषातल्या एका शनिवारी भरदुपारी उकंडरावाच्या अंगणात दोनशे माणसं जमली होती. उकंडरावानं वीस वर्षं जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काम केलं होतं. कापूस मालकानं नेला, सरकी ढोरांनी खाल्ली आणि उरलेली धूळ उकंडरावाच्या छातीत राहिली. आता विहिरीपर्यंत जायचं तर तो दोनदा टेकायचा.

आमचं गाव मायाळू. आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हातानं जात नसे. येणारी प्रत्येक बाई पदरात मूठभर मिरच्या आणि मोहरी आणायची, उकंडरावावरून उतरवायची आणि त्याच्याच चुलीत टाकायची. उकंडराव खोकून खोकून वाकडा व्हायचा. "पाह्य व माय, कशी लागली होती दृष्ट!" असं म्हणत बाई समाधानानं घरी जायची. त्याचं दुखणं वाढलं की भेटायला येणाऱ्या बाया वाढत, आणि बाया वाढल्या की दुखणं वाढे.

अशात महाराज आले. जिनात मेलेल्या हमालाचं भूत छातीवर ठाण मांडून बसलंय, ते तीन शनिवारांत तीन धुन्यांनी निघेल, असं त्यांनी सांगितलं. दोन धुन्या झाल्या होत्या. खिडकीत गोधडी कोंबायची, शेणीच्या विस्तवावर गुग्गूळ, मोहरी, मिरच्या टाकायच्या, उकंडरावाला आत बसवून दार लावायचं. महाराज ओसरीवर, वाऱ्याच्या अंगाला बसून मंत्र म्हणणार. आत तो तडफडू लागला की "भूत हललं!" मग बैलगाडीत घालून त्याला शिवेवर न्यायचं आणि लिंबू कापायचं. तासाभरात त्याचा श्वास खाली बसायचा. मी दोन्ही वेळा हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि दोन्ही वेळा जयजयकारही केला.

आज शेवटची, महाधुनी. मिरच्या टोपलीभर.

"मध्येच जो दार उघडील," महाराजांनी बजावलं, "त्याच्या छातीत भूत प्रवेश करील!"

रंगराव पाटलांनी दाराला कडी घातली आणि स्वतः पाठ लावून उभे राहिले. गावात त्यांच्याएवढा भाविक माणूस नव्हता.

धूर दाराच्या फटींतून येऊ लागला. आत खोकल्याची उबळ सुरू झाली. महाराजांचा आवाज चढला. उकंडरावाची बायको, मंजुळाबाई, दाराशी कान लावून बसली होती. गर्दी पुढे सरकत होती.

गावात देवीची लस टोचायला आलेल्या नर्स शालूबाई गर्दी पाहून तिथं पोचल्या. त्या देऊळगाव राजाच्या, बोलायला रोखठोक.

"आत कोण आहे?"

"उकंडराव हाय," रंगराव म्हणाले. "भूत काढून राह्यलो."

"अहो, त्याला दम्यासारखा आजार आहे! धूर काय देताय त्याला? दार उघडा!"

"बाई, लांब व्हा. भूत तुमच्यात घुसन!"

एवढ्यात आतला खोकला थांबला.

"निघालं!" महाराज ओरडले. "भूत निघालं!"

अंगणात एकच गजर झाला. शालूबाई मात्र पांढऱ्या पडल्या. त्या मंजुळाबाईच्या कानाशी वाकल्या. "मंजुळाबाई, खोकायलाही श्वास लागतो. तो थांबलाय, कारण त्याच्यात आता श्वास उरलेला नाही."

मंजुळाबाई उठली. पाटलांसमोर उभी राहिली.

"सरका, भाऊजी."

"अव, भूत तुह्या छातीत जाईन!"

"जाऊ द्या. माही छाती चांगली हाय."

तिनं पाटलांना ढकललं आणि कडी काढली. धुराचा लोट बाहेर पडला. दोनशे माणसं भुताच्या भीतीनं मागे पळाली. त्यांत मीही होतो. दोघी बायांनी उकंडरावाला बखोटीला धरून अंगणात आणलं. ओठ जांभळासारखे झाले होते. शालूबाईंनी त्याला खाटेच्या कडेवर बसवलं, पुढे वाकवलं, कोपर मांडीवर टेकवले. "दिवा विझवता ना, तशी हळू फुंकर सोडा. हं. अजून एक."

शालूबाई एकेक फुंकर मोजत राहिल्या. मग छाती नीट हलू लागली. ओठांवर रंग आला.

"बोला श्वासनाथ महाराज की जय!" महाराजांनी संधी साधली. "पाहिलंत? श्वास आला!"

"महाराज," शालूबाई म्हणाल्या, "भूत मंत्रानं निघतं की धुरानं?"

"मंत्रानं! धूर हे केवळ वाहन."

"मग धुरात बसून म्हणायला हरकत नसावी. धुनी पेटलेली आहे. एकशे आठ वेळा म्हणा, घर एकदाचं शुद्ध होऊन जाईल."

महाराज काही बोलणार, तोच रंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच महाराज, येवढी किरपा कराच!" त्यांनी भक्तिभावानं महाराजांना आसनासकट उचललं, आत ठेवलं आणि कडी लावली.

आतून मंत्र सुरू झाला. सतरापर्यंत स्पष्ट होता. अठराव्याला ठसका लागला. विसाव्याला दारावर धक्के बसू लागले.

"उघडा बे! उघडा!"

"महाराज, मधात उघडलं तं भूत आमच्या छातीत जाईन!"

"भूत नाही बे, मिरची हाय! मिरची!"

शालूबाईंनी लगेच दार उघडलं. महाराज बाहेर आले ते थेट गोठ्यापलीकडे, मोकळ्या हवेत जाऊन वाकले. थोड्या वेळानं त्यांचाही श्वास बसला. कोणी लिंबू कापलं नव्हतं.

"म्हंजे," रंगराव हळूच म्हणाले, "शिवेवर भूत नोतं सुटत?"

"धूर सुटत होता, पाटील. यांनीच दम लावायचा आणि यांनीच उतरवल्याचं सांगायचं. धुरात तुम्हाआम्हालाही ठसका लागतो. याची छाती आधीच खराब, याला तेवढ्यानं मरण येतं." मग त्या मंजुळाबाईकडे वळल्या. "चूल ओसरीत घ्या. झाडताना पाणी शिंपडा, याला आधी बाहेर बसवा. खळ्यावर उफणणी चालू असेल तिकडं जाऊ देऊ नका. बिडीवाल्यांनी लांबूनच रामराम करावा. सकाळच्या गारठ्यात तोंडाला उपरणं. बेडका पिवळा-हिरवा झाला, रोजच्यापेक्षा दम वाढला, बोलताना मध्येच थांबावं लागलं, की त्याच दिवशी दवाखाना. आज तर आत्ताच न्यायचं. गाडी जुंपा."

"अन् भेटाले येतीन त्याहीच्या मिरच्या?"

"ज्यानं आणल्या त्यानं घरी न्याव्या."

मग शालूबाई खाटेजवळ उभ्या राहून सगळ्यांना सांगू लागल्या. "कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एवढंच पाहा, दुखणं कशानं वाढलं आणि कशानं कमी झालं. विचारायला पैसा लागत नाही. आज विचारलं नसतं तर माणूस गेला असता."

माणसं एकेक पाऊल पुढे येत गेली. मागच्यांना ऐकू येईना म्हणून त्यांनी पुढच्यांना रेटलं. खाटेभोवती दोनशे माणसांचं कडं झालं, लहान पोरं खांद्यांवर चढली. सगळे पहिल्यांदाच मान डोलवून ऐकत होते.

उकंडरावानं हात वर केला. शालूबाई थांबल्या. मरणाच्या दारातून आलेला माणूस काय सांगतो, म्हणून सगळं गाव आणखी पुढे वाकलं.

"जरा सरका बाप्पा," तो म्हणाला. "वारा अडून राह्यला."