खिडकीतला जांभळा दगड

मित्रांनो, मी चष्म्याच्या दुकानातला एक जुना फिरता स्टँड आहे. माझी कहाणी खुशाल ऐका, पण मी तुमच्यासमोर शांत बसेन अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. एका जागी राहणं मला जमतच नाही. बटण दाबलं की मी गरगरायला लागतो, आणि बंद केलं की आतल्या आत तळमळत राहतो.

एका छोट्या कारखान्यात लेथवर माझी पांढरी चकती कापली गेली. मोटर बसवणारा कारागीर घाईत होता. त्याने मला चालू केलं, कानाजवळ धरलं, "कुरकुरतोय जरा, पण चालेल," असं म्हणाला आणि खोक्यात टाकलं. ती कुरकुर अजून गेलेली नाही. आता तो माझा स्वभावच झालाय म्हणा ना!

दुकानात आलो तेव्हा माझा काय थाट होता! माझ्यावर नव्या फ्रेमा मांडायचे आणि मला दर्शनी खिडकीत ठेवायचे. जाणारी-येणारी माणसं थबकायची. लहान मुलं काचेला नाक लावून माझ्याबरोबर मान फिरवायची. मग भिंतीवर दिवे लावलेले लांबलचक रॅक आले, फ्रेमा तिकडे गेल्या आणि माझी रवानगी मागच्या खोलीत, भिंगांच्या रिकाम्या खोक्यांमागे झाली. ज्याला फिरायची सवय त्याला कोपऱ्यात बसवून ठेवणं ही काय शिक्षा असते, ते मला विचारा. धूळ बसली, वायर कडक झाली. उंदीरसुद्धा माझ्याकडे ढुंकून बघत नव्हते.

मला तिथून बाहेर काढलं ते दगडांच्या वेडाने. आमचे मालक, म्हणजे चष्मेवाले, यांना स्फटिक जमवायचा नाद लागला. गुलाबी, हिरवे, काचेसारखे आरपार दिसणारे, सुयांसारखे टोकदार. आधी ते एका खणात मावत होते. मग डोळे तपासायच्या खोलीतलं फडताळ भरलं. शेजारच्या घड्याळवाल्यालाही तोच नाद, त्यामुळे दोघांची चढाओढ चालायची. एकाने नवा दगड आणला की तो भिंगासकट दुसऱ्याच्या दुकानात हजर! चष्म्यासाठी आलेलं गिऱ्हाईक बिचारं दगडांची माहिती ऐकत ताटकळायचं. मालकांची मुलगी काउंटर सांभाळायची. ती वैतागून म्हणायची, "बाबा, आधी नंबर तरी विचारा त्यांना! दगड काय पळून जाताहेत?"

पण सगळ्यात देखणा दगड मालकांचा नव्हताच. तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा होता. ताई दोन गल्ल्या सोडून एकट्या राहायच्या. तरुणपणी त्या दगडाच्या खाणीच्या ऑफिसात कामाला होत्या. एकदा कामगारांनी मोठा धोंडा फोडला आणि आतल्या पोकळीत हा सापडला, चहूबाजूंनी टोकं फुटलेला, शाई सांडल्यासारखा गडद जांभळा. ताईंनी तो मांडीवर घेऊन बसने घरी आणला होता. तो त्यांचा जीव की प्राण होता.

"ताई, तुझ्या कपाटात नुसता पडून आहे. माझ्या खिडकीत ठेवू या की! लोक बघतील तरी," मालक त्यांना म्हणाले.

"ने बाबा. मला तरी हल्ली कुठे नीट दिसतोय? सगळं तपकिरीच दिसतं. पण माझा आहे हं तो, विसरू नकोस."

ताईंना मोतीबिंदू झाला होता. दोन्ही डोळ्यांना.

मग काय, मला तेलपाणी झालं! चकतीच्या मधोमध एक छोटी वाटी बसवली. त्या वाटीत राखाडी चिकट मेण भरलं आणि दगडाचं सगळ्यात जाड टोक त्यात घट्ट रुतवलं, म्हणजे तो ऐटीत उभा राहील. खिडकी पश्चिमेची. दुपार कलली की ऊन थेट आत यायचं, दगड लखलखायचा आणि माझ्या पांढऱ्या चकतीवर त्याचा जांभळा डाग पडायचा. रस्त्यावर माणसं पुन्हा थबकू लागली. मालक तर दुपार झाली की दारात उभे राहून ओळखीच्यांना हाका मारायचे, "या, या, आत्ता बघा! उन्हात बघण्याची मजाच वेगळी!"

एक पावसाळा गेला, दुसरा गेला. आणि माझ्या जिवाला घोर लागला.

चकतीवरचा तो जांभळा डाग फिका पडत चालला होता. तो माझ्याच अंगावर पडायचा, त्यामुळे मला पक्कं कळत होतं. मित्रांनो, काही जांभळ्या स्फटिकांचा रंग उन्हाने उडतो. दगड जमवणाऱ्या माणसाला हे ठाऊक असायला हवं. घड्याळवाल्याने तर तोंडावर सांगितलं, "अरे, तुझा जांभळा उतरल्यासारखा वाटतोय. उन्हातून काढ त्याला." पण मालकांना वाटलं, हा जळतोय. "तुझ्याकडे नाही ना असा, म्हणून पोटात दुखतंय," असं म्हणून त्यांनी त्याला उडवून लावलं. आणि मी फिरत असल्यामुळे सगळ्या बाजूंना ऊन सारखंच लागत होतं. एक बाजू गडद आणि एक फिकी असं झालं असतं तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. रोज बघणाऱ्याला रोजचा फरक दिसत नाही. मी कुरकुरायचो, अडखळायचो, तर मालक मला आणखी थोडं तेल पाजायचे!

तिकडे ताईंचा मोतीबिंदू पिकत चालला होता आणि त्या ऑपरेशनला तयार होईनात.

"डोळ्यात हत्यार घालणार? नको रे बाबा! आहे त्यात भागवीन मी."

मालकांनी नाना तऱ्हांनी समजावलं. शेवटी दगडाचं आमिष दाखवलं. "ताई, मोतीबिंदू काढला की निळा, जांभळा रंग असा काही उघडतो की तू चाट पडशील. ऑपरेशन झालं की पहिला तुझा दगडच दाखवतो तुला."

त्यावर ताई हसल्या आणि एका डोळ्याला तयार झाल्या. "एकाचं नीट झालं, तरच दुसरा," असं मात्र बजावून सांगितलं. त्या दिवसापासून मला एक क्षण चैन नव्हतं. कशाच्या भरवशावर बोलावताय त्यांना, असं मला ओरडून विचारायचं होतं. पण माझ्याजवळ काय, तर एक मोटर!

ऑपरेशन छान झालं. डोळा बरा झाल्यावर एका दुपारी ताई दुकानात आल्या. पायरी चढतानाच भाचीला म्हणाल्या, "काय सुंदर जांभळा स्वेटर आहे ग तुझा!" मग त्या लगबगीने खिडकीपाशी आल्या. मालक शेजारी उभे, तोंडभर हसत. उन्हात मी फिरत होतो.

ताई बघत राहिल्या. एक फेरी झाली, दुसरी झाली.

"हा कुठला दगड?"

"अगं, तुझाच तो!"

"माझा? हा तर पाणी घातल्यासारखा दिसतोय." त्यांनी बरा डोळा मिटला, उघडला, चोळायला गेल्या. भाचीने हात धरला. "काहीतरी बिघडलंय रे. मला जांभळा दिसत नाहीये. माझा डोळा गेला."

मालकांनी दगडाकडे पाहिलं. त्यांचं हसू मावळलेलं मी अगदी जवळून पाहिलं. त्यांना कळलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"नव्या डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो, ताई. होईल हळूहळू."

"पुरे झालं. दुसरा डोळा मी करायची नाही," ताई म्हणाल्या आणि भिंतीला धरत पायऱ्या उतरल्या.

स्वतःला कसं आवरावं ते मला कळेना. मी खडखडलो, हादरलो, पण फिरण्यापलीकडे काय करणार? तेवढ्यात मालकांची मुलगी पुढे आली.

"बाबा, आत्याने दारातूनच माझ्या स्वेटरचा रंग ओळखला. मग डोळ्याला काय धाड भरलीय?"

मालकांनी मला बंद केलं. फ्रेमा दुरुस्त करायचा चपटा स्क्रूड्रायव्हर घेऊन मेण उकरलं आणि दगड उपटून काढला. खाली रुतलेलं जाड टोक रुमालाने पुसलं. त्या टोकाला कधी ऊन लागलंच नव्हतं. ते पहिल्यासारखंच गडद जांभळं होतं.

"घड्याळवाला आता मला गावभर हसणार," ते पुटपुटले.

"हसू दे! आत्या दुसऱ्या डोळ्याने आंधळी झाली तर काय सांगणार आहात तिला?"

मालक तसेच धावत सुटले. पायात चप्पल नाही, एका हातात दगड. "ताई! ए ताई, थांब!" रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. घड्याळवालाही दारात आला. त्याच्यादेखत मालकांनी ताईंना हाताला धरून परत आणलं आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसवलं. दगड उलटा करून त्यांच्या तळहातावर ठेवला.

ताईंनी तो डोळ्याजवळ नेला. "अगं बाई! हा असा होता?"

"असाच होता. सगळा असाच होता. तुझा डोळा उत्तम आहे, ताई. रंग मी घालवला, उन्हात मिरवून मिरवून."

ताईंनी वर पाहिलं. हसल्या नाहीत.

"रंग गेला तो गेला. पण मघाशी मला खोटं का बोललास? डोळा गेला म्हणून मी रडत चालले होते रस्त्याने."

ताईंनी चष्मे पुसायचं पिवळं फडकं ओढून दगड त्यात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. "दुसऱ्या डोळ्याची तारीख घे," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या, या वेळी भिंत न धरता.

दुसरा डोळाही झाला. ताई दुकानात येतात, भावाशी बोलतात. पण दगड पुन्हा आणला नाही. मी खिडकीत रिकामाच असतो. कधी चालू, कधी बंद.

मित्रांनो, आवडीची वस्तू जरूर मांडा, चार लोकांना दाखवा. पण अधूनमधून ती हातात घ्या, उलटून बघा, ऊन-पाणी सांभाळा. आणि आपल्या हातून काही बिघडलं असेल तर त्याच घडीला सांगून टाका. त्या दुपारी ताई रडत चालल्या होत्या, आणि मला नुसतं फिरता येत होतं. तुम्हाला बोलता येतं.