पाड न लागलेलं झाड

मी एक झेला. लांब वेळूची काठी, टोकाला लोखंडी कडं, कड्याला सुतळीची जाळी आणि देठ तोडायला एक बारीक पातं. माझा पसारा एवढाच. आंब्याच्या दिवसांत मला मान असतो. बाकी वर्षभर मी वळचणीला आडवा पडून असतो, आणि माझ्यावर ओलं धोतर वाळत घालायलाही कुणी मागंपुढं बघत नाही. माझी तक्रार नाही. आडवं पडलेल्याला घरातलं सगळं दिसतं आणि त्याच्यासमोर बोलायचं कुणी थांबत नाही.

माझा वेळू सोलापुरातल्या एका बुरुडानं तासला. जाळी विणली अजीजानं. ही गैबीसाब बागवानाची बायको. गैबीसाब लोकांच्या परसातली आंब्याची झाडं उभीच्या उभी विकत घ्यायचा, फळ उतरवायचा, काडात आढी घालून पिकवायचा आणि नव्या पेठेत टोपली घेऊन बसायचा. अजीजाची वीण घट्ट आणि मऊ. ती म्हणायची, "झाडावरनं उतरलो, हे आंब्याला कळायला नगं." त्या बाईचा मला अजून अभिमान वाटतो.

गैबीसाबचा एक नियम होता. पाड लागल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. झाडावरच एखादं फळ आपोआप पिकतं, पिवळं होतं, पोपट त्याला चोच मारतो किंवा ते खाली पडतं. तो पाड. पाड लागला की बाकीचे आंबे हिरवे दिसले तरी तयार झाले असं समजायचं आणि उतरवायला घ्यायचे. गैबीसाबचा बापही असंच करायचा. "झाड सोताहून सांगतंय की," तो म्हणायचा. "आपन वाट बघायची."

मी रेवणप्पाच्या घरी आलो तो निंगव्वामुळं. निंगव्वा म्हणजे रेवणप्पाची बायको. तिच्या परसातला आंबा घेण्याजोगा आहे का बघायला गैबीसाब गेला, तर ही बाई काठीनं फांद्या झोडपत होती. त्याला ते बघवेना.

"अक्का, आंबा हाय ह्यो, ज्वारीचं कनीस न्हाय! ह्यो झेला ठेवा तुमच्याकडं, आन ती काठी घाला चुलीत."

निंगव्वानं काठी खरंच चुलीत घातली. तेव्हापासून मी तिचा.

तो आंबा साधासुधा रायवळ होता. उशिरा यायचा, पार आषाढाच्या तोंडावर. फळ लहान, धागे भरपूर. पण निंगव्वाचा त्याच्यावर जीव होता. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. बाप वारला त्या साली तिथल्या झाडाची कोय तिनं लुगड्याच्या पदरात बांधून आणली होती. पुढं भावानं ते मूळ झाड लाकडासाठी विकून टाकलं. म्हणून ती परसातल्या आंब्याला 'अप्पाचा आंबा' म्हणायची. बापाचं असं तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

रेवणप्पा रेल्वेच्या एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. एकोणीसशे बावीस साली साहेबाची बदली झाली, तेव्हा मडमेनं जाता जाता त्याला पत्र्याच्या डब्यातलं एक रोप दिलं. बंगळूरहून आणलेलं. फळ कापायचं कसं, मीठ कसं लावायचं, हे तिनं हातवारे करून दाखवलं. रेवणप्पाला त्यातले 'बटर' आणि 'सॉल्ट' हे दोन शब्द कळले. लहानपणी रोपाला ऊन सोसत नाही आणि मुळाशी पाणी तुंबलेलं चालत नाही, हेही त्यानं समजून घेतलं. फळ कधी तोडायचं, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. झाडाचं फळ कधी तोडायचं, हे काय माळ्यानं विचारायचं?

रोप घेऊन तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, "ह्याच्या फळात लोनी असतंय."

"मग म्हशीला काय काम उरलं?" निंगव्वा म्हणाली.

आमची माती काळी. पावसात चिखल धरून बसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. रेवणप्पानं तिच्यात मुरूम आणि शेणखत मिसळून उंचवटा केला आणि त्यावर रोप लावलं. सावली हवी म्हणून जागा निवडली ती आंब्याच्या कुशीतली. परसात दुसरी सावली होतीच कुठं? आंघोळीचं पाणी पाटानं आणून तो आधी त्याला द्यायचा, मग आंब्याला. उन्हाळ्यात बुडाशी पालापाचोळा पसरायचा. मी पुष्कळ परसं बघितली आहेत. एवढी निगा मी दुसऱ्या कुठल्या झाडाची बघितली नाही.

झाड वाढलं, आणि वाढलं ते भलतंच. आंबा सावकाश जाणारा, हे घाईचं. ज्याच्या सावलीत ते लहानाचं मोठं झालं, त्याच्याच डोक्यावर जाऊन बसलं. मग त्याला फळं धरली. हिरवीगार, बुडाशी फुगीर, पेरूपेक्षा मोठी. रेवणप्पा पेठेत जाईल तिथं सांगत सुटला. वाटेत भेटणारे हसून विचारायचे, "काय रेवणप्पा, लोनी निघालं का?"

"निगंल की. पाड लागू द्या."

पाड काही लागेना. आंब्याला पाड लागला, आंबे उतरले, आढीत पिकले, खाऊन संपले. ही फळं आपली हिरवीच. गैबीसाबला बोलावलं. त्यानं एक फळ दाबलं, हुंगलं, कानाशी धरून हलवलं. आत बी खुळखुळ वाजली.

"वास न्हाय, रंग न्हाय. लई कच्चं हाय अजून," तो म्हणाला. "पाड लागल्याबिगर हात नका लावू."

इतक्या वर्षांचा जाणता माणूस, त्याचं कोण ऐकणार नाही? सगळ्यांनी ऐकलं. फळं लटकत राहिली आणि शेवटी एकेक करून धपाधप खाली पडली. कुठं फुटली, कुठं काळी पडली, मुंग्यांनी भरली. कुजलेलं फळ म्हणून निंगव्वा ती खराट्यानं लोटून द्यायची. एके वर्षी तिनं वाऱ्यानं पडलेली हिरवी फळं चिरून कैरीसारखं लोणचं घातलं. अख्खी बरणी कडूजहर झाली. ती उकिरड्यावर रिकामी करताना तिनं मडमेचा जो उद्धार केला, तो मी सांगत नाही.

इथवर सगळं थट्टेवारी चाललं होतं. मग आंब्याचा मोहोर कमी झाला. ज्या बाजूला नवं झाड दाटलं होतं, त्या बाजूला आधी मोहोर येईना, मग पालवी येईना, आणि फांद्या वाळायला लागल्या. एका वर्षी माझ्या जाळीत आंबाच पडला नाही. पुढच्या साली मोहोराच्या दिवसांत गैबीसाब झाडाखाली उभा राहून वर बघत म्हणाला, "अक्का, दोनातलं एक काढाया पायजे. न्हाय तर आंबा जातोय."

त्या दिवशी निंगव्वा जेवली नाही. संध्याकाळी रेवणप्पा पायरीवर बसला होता, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"अवो, माझ्या अप्पाचं झाड मरतंय."

"दिसतंय मला."

"मग?"

रेवणप्पानं लोण्याच्या झाडाकडं बघितलं. अकरा वर्षं पाणी घातलं होतं त्यानं. शेवटी म्हणाला, "ह्या साली पाड लागला तर ऱ्हाऊ दे, फांद्या छाटू. न्हाय लागला, तर मीच कुऱ्हाड लावतो. मग तर झालं?"

ती हो म्हणाली. हे तेहेतीस सालचं.

त्या साली तो रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी झाडाखाली जायचा. हाताला येणारं फळ न् फळ अंगठ्यानं दाबून बघायचा. वरची फळं दिसत नव्हती, म्हणून मला उचलून फांदी वाकवायचा. त्याचा हात किती हलका लागायचा! पोपट आला तर त्याला हाकलायचा नाही, उलट तो चोच मारतो का बघत उभा राहायचा. एका सकाळी खाली पडलेलं एक फळ त्याला एका बाजूनं मऊ लागलं. "अगं, ये! ये हिकडं! लागला पाड!" असा ओरडला, की निंगव्वा पिठाच्या हातानं धावत आली. त्यानं फळ फिरवून बघितलं. दुसऱ्या बाजूला खारीनं कुरतडलं होतं आणि तिथून आत कुज शिरली होती. मऊ होतं ते त्यामुळंच. निंगव्वा माघारी जाऊन भाकरी थापायला बसली. मला त्या दिवशी रेवणप्पाची फार कीव आली.

आषाढ लागला. आंब्याला उरल्यासुरल्या फांद्यांवर जे थोडं फळ होतं, त्याला पाड लागला. निंगव्वानं ते उतरवून कोठीच्या खोलीत काडात आढी घातली. लोण्याचं झाड तसंच हिरवं, फळांनी वाकलेलं.

रेवणप्पानं कुऱ्हाड पाजळून आणली. निंगव्वा आडवी आली. "थांबा. फळ अंगावर असताना झाड तोडू नये. आदी उतरवते."

मग त्या झाडाची फळं उतरवायला तिनं मला पहिल्यांदाच हातात घेतलं. गैबीसाबच्या नियमापायी इतकी वर्षं मी त्यांना नुसता खालून बघत होतो. जड फळं, देठ चिवट. दोन टोपल्या भरल्या. ती टोपल्या आत घेऊन गेली आणि उकिरड्याकडं न जाता कोठीच्या खोलीत शिरली. तोडलेलं फळ आढीत घालायचं ही तिच्या हाताची सवय. आंब्यांच्या शेजारी काड पसरून तिनं ती घातली, वर पुन्हा काड आणि पोतं टाकलं. तिकडं रेवणप्पाची कुऱ्हाड चालू झाली होती. त्यानं मजूर लावला नाही. एकट्यानंच तोडलं, एकट्यानंच ओढून बाजूला केलं आणि रात्री हात दुखतात म्हणून तेल लावून घेतलं.

आठवडाभरानं निंगव्वानं आंबे काढायला आढी उघडली. मला तिनं त्याच खोलीत कोपऱ्यात उभं केलं होतं, म्हणून पुढचं मी बघितलं.

हिरवी फळं जांभळट काळी पडली होती. गेली ही, म्हणून तिनं एक उचललं, तर अंगठा आत रुतला. तिनं विळीवर ते कापलं. बी सुटून खाली पडली. आतला गर पिवळा, कडेला हिरवट, आणि लोण्याइतका मऊ. तिनं बोटानं थोडा चाखला. मग स्वयंपाकघरातून मिठाची चिमूट घेऊन आली आणि उभ्यानंच अर्धं फळ खाल्लं. खाऊन झाल्यावर ती उंबऱ्याशी येऊन बसली. दारातून परस दिसत होतं, आणि परसात तो ताजा बुंधा.

तिला गप्प बसता आलं असतं. सगळी फळं पुरून टाकली असती तर रेवणप्पाला कधी कळलंही नसतं. पण संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा तिनं ताटलीत एक फळ दोन फाका करून, मीठ घालून त्याच्यासमोर ठेवलं.

"त्या झाडाचं हाय," ती म्हणाली. आपण चाखलंय, हे सांगितलं नाही.

रेवणप्पानं एक घास घेतला. जरा थांबला. दुसरा घेतला. निंगव्वा पदराचं टोक पिळत उभी होती.

"कसं हाय?"

"काय न्हाय गं," तो म्हणाला. "मेनागत लागतंय. चव न्हाय, चोथा न्हाय. बरं झालं काढलं ते. तुझ्या आंब्याला ऊन लागंल आता."

"व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलंच."

ताटलीत सालं पडली होती. त्यानं ती बोटानं इतकी निपटून काढली होती, की त्यांच्यातून उजेड दिसला असता.

बाकीची फळं टाकून दे, असं तो म्हणाला. टाकते, असं ती म्हणाली. कुणीच टाकली नाहीत. तो सकाळी कामावर जायच्या आधी कोठीत यायचा, दार लोटून घ्यायचा, एक खायचा. ती दुपारी यायची, दार लोटून घ्यायची, एक खायची. आढी रिकामी होत चालली आहे हे दोघांनाही दिसत होतंच की. पण कुणी कुणाला विचारलं नाही. बिया दोघांनीही चुलीत घातल्या. बी लावली असती तर फळ गोड लागलं हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग परसातल्या त्या बुंध्याकडं बघून बोलायचं काय?

शेवटी एकच फळ उरलं. सकाळी रेवणप्पा आला, त्यानं ते हातात घेतलं आणि परत काडावर ठेवलं. दुपारी निंगव्वा आली, तिनंही तसंच केलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तिच्यासाठी त्यानं ठेवलेलं आणि त्याच्यासाठी तिनं ठेवलेलं ते फळ काडातच सडलं. मी कोपऱ्यातून बघत होतो. मला हात असते तर दोन फाका करून दोघांच्या तोंडात कोंबल्या असत्या.

आता मी म्हातारा झालो. वेळूला भुंगा लागलाय, अजीजाची जाळी दोन जागी उसवलीय. अप्पाचा आंबा चांगला मोहोरतो, चारी बाजूंनी. निंगव्वा फळ उतरवते, रेवणप्पा खाली टोपली धरतो, आणि त्या मोकळ्या जागेकडं दोघंही बघत नाहीत. मी फार दिवस टिकेन असं वाटत नाही. म्हणून जाता जाता एवढं सांगतो. तुमच्या परसात तसलं झाड असेल, तर पाडाची वाट बघत बसू नका. ते आपण होऊन सांगणाऱ्यातलं नाही. फळ भरलं की उतरवा, काडात घाला आणि मऊ झालं की घरातल्या माणसाला हाक मारून बरोबरीनं खा. आणि गोड लागलं, तर गोड लागलं म्हणा.