शनिवारची हंडी

दर शुक्रवारी आमच्या गल्लीतल्या ज्यू बायका आमच्या बेकरीत घेवड्याच्या हंड्या आणून ठेवायच्या. शब्बाथला, म्हणजे शुक्रवार मावळल्यापासून शनिवार मावळेपर्यंत, त्यांच्या घरी चूल पेटत नाही. म्हणून हंडी रात्रभर आमच्या भट्टीत शिजायची आणि शनिवारी दुपारी घरी जायची. घेवड्यात माणशी एक अंडं, कवचासकट.

"गास्परकाका, माझं अंडं फोडू नका हं!" शेजारच्या रेगिनाची लहानगी ब्लांका माझ्या नवऱ्याला बजावायची.

"फोडतोय कशाला? अख्खं गिळणार!"

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या मे महिन्यात बातमी आली, शेजारच्या गावातले ज्यू वीटभट्टीच्या आवारात नेऊन कोंबले. रेगिनाचा नवरा आधीच सक्तीच्या मजुरीवर नेलेला. घरात ती, सासू आणि पोर. त्या शुक्रवारी हंडी ठेवून ती हळूच म्हणाली, "इल्कामावशी, ब्लांकाला ठेवून घ्याल?"

"आत्ताच आण. माझी भाची म्हणून सांगते."

"आज नको. आज शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या. एवढी एक रात्र बसू दे तिला माझ्याजवळ. उद्या हंडी न्यायला येईन तेव्हा आणते."

"मेणबत्त्या कसल्या घेऊन बसलीस, बाई!" मी तडकले.

पण गास्परने तिचीच बाजू घेतली. "दर शनिवारी पोर बरोबर असतेच. दुपारी कोण बघतंय? आज संध्याकाळी आणलीस तर सगळी गल्ली विचारेल." बोलणं पटण्यासारखं होतं, हीच तर पंचाईत.

शनिवारी उजाडताच टोपीत कोंबड्याची पिसं खोचलेले शिपाई गल्लीतल्या ज्यूंना न्यायला आले. मी धावले, तर संगीन आडवी आली. ब्लांका आजीचा हात धरून गाडीत बसली होती. त्या तिघींपैकी कुणीही परत आलं नाही.

दुपार टळली तरी गास्पर "येतील" म्हणत भट्टीत लाकडं सारत राहिला. मी त्याला वाट्टेल ते बोलले. एका रात्रीपायी पोर गेली, ही हळहळ आमच्या घरातून पुढे कधी गेलीच नाही.

रविवारी करपल्याचा वास यायला लागला, तेव्हा त्याने रेगिनाची हंडी बाहेर काढली आणि झाकणाभोवतीची वाळलेली कणीक फोडली. मी डाव फिरवला. एक अंडं रेगिनाचं, एक सासूचं. तळापर्यंत ढवळलं, तिसरं नव्हतं. पोर शनिवारी आमच्याकडे जेवणार म्हणून रेगिनाने ते घातलंच नव्हतं.

मी तिच्यासाठी एक उकडून ठेवलं होतं. ते तसंच ताटलीत होतं.