चार वाजता येणारा चिमण

चारला पाच मिनिटं असली की शेजारच्या घराच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा उरायची नाही. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि बोलणं कुजबुजीत. चार वाजून दोन मिनिटांनी वायफायच्या यादीत एक नाव उमटायचं: चिमण. त्याच घटकेला त्या घरातलं इंटरनेट बंद पडायचं. माणसं हात जोडायची.

चिमण हे त्या घरातल्या मुलाचं लाडाचं नाव. पाच आठवड्यांपूर्वी कामावर असतानाच छातीत कळ येऊन तो गेला. वय चौतीस. मागे आई आणि बायको.

मी शेजारी. चाळीस वर्षं टेलिफोनचा लाइनमन होतो. हजारो तारा जोडल्या, पण एकाही तारेतून मेलेला माणूस बोललेला ऐकला नाही. तरी पहिले काही दिवस मी गप्प बसलो. दुसऱ्याच्या दुःखात नाक खुपसू नये, असं वाटलं. चुकलंच माझं. तेवढ्यात तिथे लहरीबाबाने बैठक मारली.

हा बाबा नव्या जमान्याचा. "आत्मा म्हणजे काय? लहर! वायफाय म्हणजे काय? लहर! लहरीला लहर भेटली की नाव उमटतं, माते! विज्ञानाला आज कळतंय ते मला बालपणीच दिसलं होतं." बालपणी त्याला माझ्या वहीतलं उत्तरसुद्धा नीट दिसत नसे. आम्ही एकाच बाकावर बसायचो.

हेही हसण्यावारी नेलं असतं. पण सुनेचं काय? ती प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम शिकलेली. दुसऱ्या शहरातल्या इस्पितळातल्या नोकरीसाठी तिची मुलाखत गुरुवारी चार वाजता लॅपटॉपवर होणार होती. सोमवारी बाबाने फर्मान काढलं, "तो चारलाच का येतो? तिला अडवायला! ती हे घर सोडून गेली की त्याची वाट कायमची बंद." त्याच संध्याकाळी आईने सुनेची सगळी सर्टिफिकेटं कपाटात कोंडली आणि किल्ली कमरेला लावली.

बुधवारी सकाळी सून माझ्याकडे आली. रडून रडून चेहरा सुजलेला.

"काका, ते खरंच येत असतील तर मला नको आहेत का? पण हे काहीतरी दुसरंच आहे, असं वाटतं. आणि तसं वाटलं की माझीच मला लाज वाटते."

"चारला घरात काय काय होतं, ते सांग."

"काहीच नाही. आई वर ह्यांच्या खोलीत जातात, टेबलावरचा दिवा लावतात. हे चारला घरी यायचे ना. तासभर बसून दिवा बंद करून खाली येतात."

"आणि नेट कधी सुरू होतं?"

"आई दिवा बंद करून खाली आल्या की..." ती म्हणाली.

त्याच दिवशी चारला मी त्या खोलीत हजर. दारात बाबा, जिन्यात गर्दी. "वहिनी, आज दहा मिनिटं दिवा लावू नका," मी चिमणच्या आईला म्हणालो.

"भावजी, दिवा दिसला नाही तर त्याला घर कसं सापडेल?"

सुनेने त्यांचा हात धरून ठेवला. चार वाजून दहा मिनिटं झाली, नाव उमटलं नाही.

"अविश्वासी माणूस आला की लहर रुसते!" बाबा गरजला.

"बरं. मी इथेच बसतो. लावा वहिनी दिवा."

त्यांनी भिंतीजवळच्या बोर्डाचं बटण दाबलं. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं आणि नाव उमटलं: चिमण.

"अविश्वासी अजून इथेच आहे की रे. रुसवा एवढ्यात गेला?" मी विचारलं. जिन्यात कोणीतरी खुसकन हसलं.

सून मात्र बोर्डाकडे बघत होती. त्यातून दोन वायरी निघत होत्या. एक दिव्याची. दुसरी कपाटामागे गेलेली. आम्ही कपाट ओढलं. मागे भिंतीला त्यांचा जुना राउटर टांगलेला, हिरवे दिवे लुकलुकत होते. त्याची केबल खिडकीतून खालच्या राउटरला गेली होती.

गोष्ट साधी होती. जुन्या राउटरवरून वरच्या मजल्यावर रेंज देता येते. पण त्याआधी त्याचा नेटवर्कमधला स्वतःचा पत्ता बदलावा लागतो, आणि घरातल्या फोनना पत्ते वाटायचं त्याचं काम बंद करावं लागतं. नाहीतर एका घरात दोन कारभारी होतात आणि कोणाचंच काम धड होत नाही. वहिनी बटण दाबत, दिव्याबरोबर राउटर सुरू होई, दोन मिनिटांत नाव दिसे आणि नेटचा गोंधळ उडे. चिमणने तो बसवला तेव्हा सून आजारी वडिलांकडे गेली होती, म्हणून तिलाही तो माहीत नव्हता.

"म्हणजे तो आला नव्हता?" वहिनींनी विचारलं.

"नाही, वहिनी."

"रोज मीच बटण दाबत होते?"

मी होकारार्थी मान हलवली. खरं बोलण्याचा असा त्रास मला आयुष्यात कधी झाला नव्हता. मागे वळून पाहिलं तर बाबा जिना उतरून गेला होता.

राउटरला चिकटवलेली एक चिठ्ठी सुनेने वाचली. अक्षर त्याचं होतं. "आईच्या खोलीत रेंज येत नाही, मावशीचा व्हिडिओ कॉल सारखा तुटतो. नाव दिलं, केबल जोडली. पत्ता बदलणं आणि वाटप बंद करणं बाकी. रविवारी."

तो रविवार त्याला मिळाला नाही. चिठ्ठी हातात घेऊन वहिनी हंबरडा फोडून रडल्या. पाच आठवड्यांत त्या अशा पहिल्यांदाच रडल्या, असं सून नंतर म्हणाली.

उरलेलं काम सुनेने लॅपटॉप जोडून अर्ध्या तासात संपवलं. राउटरची वायर मी वेगळ्या सॉकेटला दिली. वहिनींनी कमरेची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

माझं सांगणं एवढंच. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी वायर कुठे जाते ते बघा. बाबाच्या लहरीत चिमण बायकोची वाट अडवत होता. कपाटामागे खरा चिमण सापडला, तो आईचा फोन तुटू नये म्हणून खटपट करत होता. चौकशी केली नसती, तर त्या पोरावरचा हा आळ कधीच पुसला गेला नसता.

गुरुवारी चारला सून खाली लॅपटॉपसमोर बसली. मी वर गेलो. वहिनी अंधारलेल्या खोलीत बोर्डाजवळ उभ्या होत्या.

"भावजी, दिवा लावू का? तिचं नेट नाही ना जाणार?"

"लावा वहिनी. आता काही होणार नाही."

त्यांनी बटण दाबलं आणि मोबाईलकडे न बघता खुर्चीत बसून राहिल्या.