पालकांची सही

"काकू, मुलीला अंग कोरडं ठेवून पाठवा. तेल, पावडर काही नको."

तपासणीवाल्या रितेशचं हे फोनवरचं सांगणं भार्गवीनं नीट ऐकलं होतं, हो-हो म्हटलंही होतं. पण सामन्याच्या सकाळी श्रद्धाच्या छाती-पाठीला वाडीतल्या नारळाचं तेल चोळायची तिची रीत. कबड्डीसाठी लेकीचं हृदय तपासायचं, म्हणजे सामन्याहून काय कमी? हात आपसूक बुधलीकडे गेला.

दिवेआगरच्या शाळेत रितेशनं छातीवर चिकटवलेल्या पट्ट्या निसटत राहिल्या. पुण्यात बसून हृदयाचे आलेख वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा निरोप आला : आलेख अस्पष्ट आहे, पुन्हा काढा, नाहीतर स्वतःच्या जबाबदारीवर खेळवत असल्याची पालकांनी सही द्यावी.

पुन्हा काढायची सोय माणगावला, सोमवारी. जिल्हा संघाची निवड रविवारी.

"आई, कर ना सही! एवढी पळते मी, मला काय होणारे?"

भार्गवीनं पेन उघडलं. रोजच्या स्तोत्रात एक शब्द चुकला तरी ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला बसे. तिनं पेन मिटलं.

"अगो, तेल मी लावलं, चूक माझीच. पण सही नाही करायची मी."

"माझं वर्ष जाईल!"

"जाऊ दे."

"नीराबाईंनी मैनासाठी केली की! म्हणाल्या, आमची पोर घोडा आहे, तिला कशाला तारा?"

रविवारी मैना निवडली गेली. श्रद्धानं ताटाला हात लावला नाही.

सोमवारी आलेख स्वच्छ आला आणि दोषही स्वच्छ दिसला. पडद्यावरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदयात विजेची एक जादा वाट आहे, जन्मापासूनची. खेळताना ठोके बेफाम सुटले तर जिवावर बेतेल. पायाच्या शिरेतून नळी घालून ती वाट बंद करू. मग खुशाल खेळ."

श्रद्धानं आईचा हात घट्ट धरला.

"बाई, ही पुन्हा मैदानात उतरली, की गावातल्या बाकीच्या आयांना मी स्वतः सांगेन, तपासणी टाळू नका म्हणून," भार्गवी हळूच म्हणाली.

ती वाट बंद झाली. पुढच्या मोसमात आंतरजिल्हा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन गुण हवे असताना श्रद्धा शेवटच्या चढाईला गेली आणि तिघींना बाद करून परतली. रायगडचा संघ जिंकला! गावात ढोल वाजले, गुलाल उधळला, अंगण माणसांनी भरून गेलं.

"काकू कुठे गेल्या? पेढे कोण वाटणार?" रितेश ओरडला.

भार्गवी मागच्या दारानं निघाली होती. पदर खोचून, वाडीच्या पायवाटेनं, नीराबाईंच्या घराकडे.